चाकू दुसऱ्याच्या खिशात

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेवर आमच्या वाचनकट्ट्यावर बोलणं चाललं होतं. शेवटापाशी आलो तेव्हा एक निवृत्त गृहस्थ भरून आल्यासारखे म्हणाले, ‘‘बघा, एवढं तुडवलं तरी मनात सूड नाही. हा खरा गांधीवाद!’’ मागच्या बाकावर एक मुलगा बसला होता. तो एरवी ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येतो, कट्ट्यासाठी नाही. तो म्हणाला, ‘‘काका, काशीनाथचा चाकू नसता तर हे वाक्य बोलायला तो उरला असता का?’’ तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला. मला मात्र तो प्रश्न अजून सोडत नाही.

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निवेदक कविता करणारा, शिकलेला तरुण. रेल्वेत नोकरी लागते, परक्या गावी खोली मिळवायची म्हणून तो जात लपवतो. तिथला सवर्ण रामचरण त्याला डोक्यावर घेतो, घरी जेवू घालतो. याच नोकरीत काशीनाथ सकपाळही आहे. तो जात लपवत नाही, कुणी डिवचलं की अंगावर धावून जातो. पुढे निवेदकाची जात उघडी पडते आणि कालपर्यंत मान देणारेच त्याला बेदम मारतात. काशीनाथ चाकू घेऊन धावत येतो आणि त्याला सोडवतो. वाटेत तो विचारतो, तू मार खाल्लास कसा? निवेदक सांगतो की मला त्या माणसांनी मारलंच नाही, मनूने मारलं. कथा इथे संपते. हा संग्रह १९६३ चा.

यात गांधीवाद आहे का? मला वाटतं, नाही. निवेदक मारणाऱ्यांना क्षमा करत नाही, त्यांचं हृदय पालटेल अशी आशाही धरत नाही. तो आरोपीचं नाव बदलतो. गल्लीतल्या चारदोन माणसांवरचा गुन्हा उचलून तो दोन हजार वर्षांच्या व्यवस्थेवर टाकतो. असा आरोप करणारा माणूस सोशीक कसा? आणि त्या मुलाने म्हटलं तेही खरंच आहे. हे उत्तर द्यायला निवेदक जिवंत राहिला तो काशीनाथच्या चाकूमुळे. बागुलांनी हे कुठेही झाकलेलं नाही. हात न उचलणारा आणि चाकू उपसणारा एकाच रस्त्याने सोबत चालताना त्यांनी दाखवले आहेत. म्हणूनच ती कथा साठ वर्षांनंतरही शिळी होत नाही.

अन्यायाविरुद्ध लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत अहिंसा वारंवार येते, आणि तिथेच वाचक आणि पुष्कळदा लेखकही एक गल्लत करतात. हात बांधलेला माणूस आणि हात आवरलेला माणूस यांच्यातला फरक ते पुसून टाकतात. दोघेही मारत नाहीत, म्हणून दोघांनाही संतपदाचा एकच हार घातला जातो. प्रत्यक्षात पहिल्याची कथा अत्याचाराची असते आणि दुसऱ्याची निवडीची. पहिल्याला दुसऱ्याच्या ओळीत बसवलं की अत्याचार करणाऱ्याचं फावतं.

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ १९३५ साली आली. बखा हा अठरा वर्षांचा सफाई कामगार. अंगापिंडाने तगडा, कामात चपळ. बाजारात जिलेबी घेऊन खात चालला असताना त्याचा एका सवर्णाला धक्का लागतो. माणसं जमतात, शिव्यांचा पाऊस पडतो, बखा हात जोडून गयावया करतो. शेवटी तो माणूस थोबाडीत मारून निघून जातो आणि जिलेब्या धुळीत पडतात. पुढचा भाग मला थपडेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. गर्दी पांगल्यावर बखाच्या अंगात संताप उसळतो आणि तो स्वतःलाच विचारतो की मी त्याला मारलं का नाही? ताकद तर होती. उत्तर शोधता शोधता त्याला आपण कोण आहोत याची लख्ख जाणीव होते. त्याचे हात त्याच्या जन्माच्या आधीच बांधले गेले होते.

आनंद यांनी इथे बखाला महात्मा केलं नाही, हे त्यांचे उपकार. त्याच दृश्यात त्यांनी त्याच्या तोंडी क्षमेचं एखादं वाक्य घातलं असतं, तर इंग्रजी वाचणाऱ्या सुखवस्तू वाचकाने सुस्कारा सोडून पान उलटलं असतं. मारलं का नाही हा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवल्यामुळे वाचकाची सुटका होत नाही. कादंबरीच्या शेवटाला बखापुढे तीन वाटा येतात: मिशनऱ्याचा येशू, गांधींचं भाषण आणि पाण्याने धुतला जाणारा संडास. समीक्षक त्या तिसऱ्या वाटेला हसतात. मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्या यंत्राला बखाकडून सहनशीलतेची अपेक्षा नाही.

आता एकशे सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाकडे वळतो, कारण ही गल्लत जगभर रूढ होण्यात त्याचा, किंवा खरं तर त्याच्या वाचकांचा, मोठा वाटा आहे. हॅरिएट बीचर स्टो यांची अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची कादंबरी ‘अंकल टॉम्स केबिन’ २० मार्च १८५२ ला पुस्तकरूपात आली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. (२० मार्च ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. ते पुढे येईलच.) ‘अंकल टॉम’ ही आज कृष्णवर्णीयांमध्ये शिवी आहे. मालकापुढे गोंडा घोळणारा, लाथा खाऊन हसणारा म्हातारा असा तिचा अर्थ. पण मूळ कादंबरी वाचली तर तिथे असा कुणी भेटतच नाही. स्टोंचा टॉम रुंद छातीचा, दणकट, लहान मुलांचा बाप आहे. लुइझियानातल्या मळ्यावर लेग्री नावाचा मालक त्याला एका गुलाम बाईला फटके मारायला सांगतो. टॉम सरळ नाही म्हणतो आणि त्यासाठी स्वतः फटके खातो. पुढे कॅसी नावाची बाई मध्यरात्री त्याच्याकडे येते. मालक ब्रँडीत बुडालेला आहे, दार उघडं आहे, कुऱ्हाड आत ठेवली आहे, एवढंच करायचं आहे असं ती सांगते. टॉम नकार देतो. तिलाही अडवतो आणि रक्त न सांडता पळून जायला सांगतो. कॅसी आणि तिच्यासोबतची बाई पळाल्यावर कुठे लपल्या आहेत हे तो लेग्रीला सांगत नाही, म्हणून मार खाऊन मरतो.

कुऱ्हाड हाताशी होती, त्याने ती उचलली नाही. हा हात आवरलेला माणूस आहे. त्याची अहिंसा त्याच्या दोन नकारांच्या मधोमध उभी आहे: मारणार नाही आणि सांगणारही नाही. पण कादंबरी रंगमंचावर गेली. तिचे असंख्य खेळ गावोगाव लागले आणि त्यांत टॉम वाकत गेला, म्हातारा होत गेला, शेवटी विदूषकही झाला. प्रेक्षकांनी त्याचा नकार टाकून दिला, सोशीकपणा तेवढा ठेवून घेतला. तिकीट काढून आलेल्या माणसाला नकार पचत नाही, मार खाणारा गरीब बिचारा मात्र पचतो. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ साली या कादंबरीवर कठोर लेख लिहिला. तिच्या गळेकाढू भावनाबंबाळपणाविषयी ते बरोबरच बोलले. तरीही माझा राग स्टोंपेक्षा त्या प्रेक्षकांवर जास्त आहे.

याच कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे, त्याचा उल्लेख फार कमी होतो. पळालेला गुलाम जॉर्ज हॅरिस बायकोमुलाला घेऊन कॅनडाकडे निघाला आहे. त्यांना आसरा देणारे क्वेकर, म्हणजे शस्त्र हातात न धरणारा पंथ. पाठलाग करणारे गाठतात तेव्हा जॉर्ज कड्यावरून पिस्तूल झाडतो. जखमी होऊनही एक पाठलाग करणारा झेप घेतो, तेव्हा त्याला कड्यावरून खाली ढकलतो तो फिनिअस नावाचा क्वेकरच. मग त्या जखमी शत्रूला क्वेकरांच्याच घरी नेऊन त्याची शुश्रूषा केली जाते. यात कुणाचं तत्त्व शुद्ध राहिलं? कुणाचंच नाही. टॉमचं शुद्ध राहिलं, पण तो मेला. जॉर्जचं कुटुंब वाचलं, पण एकाच्या अंगात गोळी घालून. एका भाविक, उपदेशाची आवड असलेल्या बाईने लिहिलेल्या कादंबरीत हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत, आणि मधल्या कड्यावर धक्का देणारा शांतताप्रेमी माणूस उभा आहे. काशीनाथचा चाकू इथे जॉर्जच्या खिशात सापडतो.

युद्धविरोधी कादंबऱ्यांचं काम या तुलनेत सोपं असतं. रेमार्कच्या १९२९ च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीत जर्मन सैनिक पाऊल बोमर खड्ड्यात उडी मारणाऱ्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग तासन्‌तास त्याचं मरण बघत बसतो. त्याच्या पाकिटातून कळतं की तो छापखान्यात काम करणारा, बायकोपोर असलेला माणूस होता. हे वाचून युद्धाचा तिटकारा आल्याशिवाय राहत नाही. पण तिथे दोघांच्याही हातात हत्यार आहे, दोघंही कुणीतरी ढकललेले आहेत. पाऊलचा पश्चात्ताप आपल्याला भिडतो तो त्याने मारलं आहे म्हणून. गुलाम आणि मालक, अस्पृश्य आणि सावकार यांच्या कथेत हत्यार एकाच बाजूला असतं. तिथे दोघांनाही शांततेचा उपदेश करणं म्हणजे तराजूच्या रिकाम्या पारड्यालाच जरा खाली ये म्हणण्यासारखं आहे.

प्रेमचंदांच्या ‘रंगभूमी’पाशी (१९२५) मी नेहमी अडखळतो. पांडेपूरचा आंधळा भिकारी सूरदास वडिलोपार्जित पडीक जमीन विकायला तयार नाही, कारण तिथे गावची गुरं चरतात. जॉन सेवकला तिथे सिगारेटचा कारखाना काढायचा आहे. सूरदासची झोपडी जळते तेव्हा लहान मिठुवा विचारतो, पुन्हा कुणी जाळली तर? सूरदास म्हणतो, पुन्हा बांधू. पोरगं आकडा वाढवत जातं, म्हातारा प्रत्येक आकड्याला तेच उत्तर देतो. भारतीय साहित्यात अहिंसेचं याहून सुंदर दृश्य मी वाचलेलं नाही. इथे अहिंसा म्हणजे राबणं आहे, पुन्हा चिखल तुडवून भिंत घालणं आहे.

पण २००४ साली भारतीय दलित साहित्य अकादमीच्या लोकांनी दिल्लीत याच कादंबरीच्या प्रती जाळल्या. तक्रार अशी की सूरदासचा उल्लेख पुन्हा पुन्हा जातिवाचक शब्दाने होतो. पुस्तक जाळणं मला पटत नाही, त्या वेळीही पटलं नव्हतं. मात्र त्या संतापाच्या तळाशी असलेला एक प्रश्न मी टाळू शकत नाही: लेखकाने आदर्श सत्याग्रही रेखाटायला घेतला तेव्हा तो आंधळा, भिकारी आणि खालच्या मानलेल्या जातीतलाच का निवडला? ज्याच्याकडे उचलायला काही नाही, त्याच्याकडूनच त्यागाचा सर्वांत मोठा हप्ता का? उत्तरात कुणी म्हणेल की सूरदासचं मनोबल दाखवायला त्याचं दुबळेपण हवंच होतं. असेल. तरी कादंबरीच्या शेवटी जे होतं ते बघा. जमावाला शांत करू पाहणारा सूरदास क्लार्क या इंग्रज अधिकाऱ्याच्या गोळीने पडतो. लोक त्याचा पुतळा उभारतात. नगरपालिकेचा प्रमुख राजा महेंद्रकुमार रात्री तो पाडायला जातो आणि पुतळाच अंगावर कोसळून मरतो. जिवंतपणी ज्याने चापटही मारली नाही, त्याच्या दगडी देहाकडून लेखकाने शेवटी सूड उगवून घेतला. मला यात प्रेमचंदांचा पराभव दिसत नाही. उलट, त्यांच्याही मनात चाकू कुठेतरी खिशात होता आणि तो बाहेर आल्यावाचून राहिला नाही, असं वाटतं.

मराठीत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा उभा आहे. कादंबरी १९५९ ची, अर्पण बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. दुष्काळात माणसं भुकेने मरायला लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे खजिना लुटतो. अहिंसेच्या पुस्तकात त्याला जागा नाही, आणि ती त्याने मागितलेलीही नाही. तरीही सरकार गावच्या बायामाणसांना कोंडून ठेवतं तेव्हा तो त्यांच्यासाठी स्वतःहून इंग्रजांच्या हवाली होतो. तलवार चालवू शकणाऱ्या माणसाने ती ठेवून दिली आहे, म्हणून त्या प्रसंगाला वजन येतं. सूरदासकडे हे वजन नाही, कारण ठेवून द्यायला त्याच्याकडे काही नव्हतंच. मला या दोघांतून एक निवडायला सांगितलं तर मी निवडणार नाही, पण अहिंसा शिकवायला फकिराच आधी वाचायला देईन. हे ऐकून काही मंडळी भुवया उंचावतील, उंचावू देत.

कादंबऱ्यांचं बाजूला ठेवून २० मार्च १९२७ कडे येतो. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने पिऊन लोक परतले. ते आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि मंडपात जेवणाऱ्या, गावाकडे परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. जमलेल्यांत सैन्यात नोकरी केलेली माणसं होती. उलट हात टाकायची तयारी होती, संख्याही होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे हल्लेखोरांवर खटला चालला, काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दावा दहा वर्षं रखडून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. महाडची शांतता ही बंदूक चालवता येणाऱ्या माणसांची शांतता होती, आणि तिच्या पाठीशी वकिलाची फाइल होती. हृदयपरिवर्तनाच्या भरवशावर तिथे कुणी बसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आपल्या कथालेखकांच्या सहसा लक्षात येत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पाच वर्षं लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली आणि देवळाच्या दारातली ही झुंज थांबवायला सांगितलं. म्हणजे त्या संयमाला शेवटची तारीख होती. ती तारीख सोसणाऱ्यांनी ठरवली, दार अडवणाऱ्यांनी नाही. कादंबरीतल्या अहिंसक नायकाला मात्र हा हक्क क्वचितच मिळतो. त्याने शेवटच्या पानापर्यंत, जमलं तर मरेपर्यंत, सोसत राहावं अशी अपेक्षा असते. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद केला. अहिंसा हा त्यांनी नियम न मानता तत्त्व मानला. हा भेद आपल्या कथासाहित्यात मुरायला हवा होता, तितका मुरला नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फुटकळ नाही. तुम्ही असं लिहायला लागलात तर हिंसेलाच प्रतिष्ठा मिळेल, चाकू दाखवला की कुणीतरी तो उचलेल. मला ही भीती समजते. रस्त्यावर जमाव कसा बेभान होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि दंगलीत शेवटी सर्वांत गरीब वस्तीच जळते. पण चाकू लपवून ठेवलेलं साहित्य त्यावरचा उपाय कसा होईल? बागुलांचा काशीनाथ वाचून कुणी हत्यार उपसलं असेल असं मला वाटत नाही. उलट निवेदकाचं शेवटचं उत्तर काशीनाथच्या रागाशेजारी ठेवल्यामुळेच ते बोधवाक्य न होता उत्तर होतं. राग गाळून टाकलेली अहिंसा शाळेच्या भिंतीवर छान दिसते. साने गुरुजींचंच बघा. ‘श्यामची आई’ वाचून आपण पिढ्यान्‌पिढ्या रडतो. पण मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते प्राणांतिक उपोषणाला बसले होते, ते आपल्याला आठवावं लागतं. आपण गुरुजींचे अश्रू ठेवून घेतले आणि हट्ट विसरलो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यात मोठ्या संख्येने आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. १२ तारखेला दहावीचा पेपर होता. पोरांची अडचण नको म्हणून ती माणसं दिवसभर चालून थकलेली असताना सोमय्या मैदानातून रात्रीच निघाली आणि पहाटे आझाद मैदानात पोचली. मुंबईने त्यांना पाणी दिलं, चपला दिल्या, त्यांच्या सोललेल्या तळपायांचे फोटो फोनवरून फिरवले. मीही फिरवले. त्या कौतुकात आम्हाला गैरसोय न केल्याचा आनंद किती होता आणि वनहक्क कायद्याची काळजी किती, हे मला आज प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. कायदा २००६ चा. कसत असलेल्या जमिनीचा कागद मागायला माणसं बारा वर्षांनी पायी आली होती.

त्या रात्रीवर कुणीतरी कादंबरी लिहील. लिहायलाच हवी, विषय मोठा आहे. मला भीती एवढीच की ती आझाद मैदानातल्या पहाटेला संपेल, पेपरला निघालेल्या एखाद्या मुलीच्या ओलावलेल्या डोळ्यांवर. माझ्या मनात जी कादंबरी आहे ती तिथे संपत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत तीच माणसं पुन्हा नाशिकहून निघाली. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा निघाली आणि वाशिंदला थांबली. एक बाई तिन्ही वेळा चालली आहे असं धरू. पहिल्या वेळी तिच्या पायाला फोड आले तेव्हा फोटो काढायला पोरं धावली होती. तिसऱ्या वेळी वाशिंदच्या मैदानात ती पाय पसरून बसली आहे, समोर कॅमेरा नाही, आणि शेजारच्या पोराला ती काहीतरी सांगते आहे. तिचं ते बोलणं लिहायला लेखकाला गांधींचीही मदत होणार नाही आणि माझीही नाही. पोराच्या खिशात काय आहे हे मात्र त्याने एकदा बघून घ्यावं.